धोंड्याच्या महिन्यातले जावईबापू

श्रीधर पिसाळांना जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. ते सगळ्यांचे जावईबापू. स्टेशनजवळच्या इंडियन रेस्टॉरंटचे मालक गुरुदत्त थोरात यांच्या चुलत बहिणीचे ते यजमान. सुरुवातीला कुणीतरी गमतीनं म्हटलं असेल, पण मग तेच नाव पडलं. आमची लेक ओवी, जिला मराठीत काही विचारलं तर उत्तर जर्मनमध्ये येतं, तीसुद्धा त्यांना 'हेर जावईबापू' म्हणायची, आणि ते मिशीवरून बोट फिरवून 'गुटन टाग, बाईसाहेब' म्हणायचे.

त्या मिशीची त्यांना फार काळजी. तंदूरच्या धगीनं डावी बाजू जरा आखूड झाली होती, म्हणून ते बोलताना डावा गाल भिंतीकडे ठेवायचे. कराडकडच्या लग्नांचे ते आचारी. मोठमोठ्या पंगती उठवलेल्या, हाताखाली दहा-बारा माणसं. आवाज असा की रश्शाच्या कढईपाशी उभं राहून मांडवाच्या टोकाला असलेल्या वाढप्याला झापायचे म्हणे. इथं तो आवाज मी कधी ऐकला नाही.

आमची ओळख झाली ती तुर्की किराणा दुकानात. ओवी चॉकलेटसाठी हटून बसली होती, मी तिला चांगली झापत होते, आणि मागून आवाज आला, "लेकराला आणखी थोडं रागवा वैनी. मराठीत कुणी रागवलेलं लई दिवसांत ऐकलं न्हाई."

मी वळून बघितलं तर खांद्यावर कांद्याचं पोतं घेतलेला हा उंच माणूस.

"तुम्ही थोरातांकडचे जावई ना?" मी विचारलं.

"व्हय. पोतं बघून वाटत न्हाई, पर हाय."

त्यानंतर कधी दुकानात, कधी नदीकाठच्या बाकावर ते भेटत राहिले. दुपारी रेस्टॉरंट बंद असायचं तेव्हा थोडा वेळ ते नेकार नदीकडे बघत बसायचे. त्यांच्या बोलण्यातून हळूहळू मला त्यांचं जगणं कळत गेलं. ते सांगायचे विनोद म्हणून, मी ऐकायचे आणि घरी येऊन मला पोळ्या लाटवत नसत.

गुरुदत्तनं त्यांना खास भारतीय स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याच्या व्हिसावर आणलं होतं. त्या व्हिसाची गंमत अशी की तो माणसाला मिळत नाही, त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या माणसाला मिळतो. दुसरीकडे जायचं तर परदेशी नागरिकांच्या कचेरीनं, आउसलेंडरबेहोर्डेनं, हो म्हणायला हवं. आणि तिला विचारायला जावं तर मालकाला कळतं. करारात आठ तास होते. प्रत्यक्षात सकाळी भाजी उतरवण्यापासून शेवटची कढई घासेपर्यंत. सोमवारी रेस्टॉरंटला रूहटाग, म्हणजे सुट्टी, म्हणून सोमवारी चिमणीची जाळी धुवायची आणि बाहेरच्या लग्न-वाढदिवसांच्या ऑर्डरी उरकायच्या. राहायला कोठीवरची खोली. बँकेचं कार्ड गुरुदत्तकडे. एकदा त्यांनी मागितलं, तर गुरुदत्त हसला होता, "घरातल्या घरात कसला हिशोब, दाजी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मी बी हसलो. मेहुणा हाय."

साधनाताई, म्हणजे त्यांची बायको, आणि मुलगी अवनी कराडला होत्या. पिसाळांच्या घराची वाटणी झाल्यापासून त्या साधनाताईंच्या माहेरी राहत. त्या घराचा वरचा मजला गुरुदत्तच्या पैशांतून चढलेला. त्याच मजल्यावरची एक खोली मायलेकींची. हे जावईबापूंनी मला वेगळं करून कधी सांगितलं नाही, पण ते हसले की माझ्या डोळ्यांपुढे ती वरची खोली यायची.

मराठी मंडळात सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं. गाडीच्या कारखान्यातले आमचे इंजिनिअर लोक ओव्हरटाइमच्या एका तासासाठी वर्क्स कौन्सिलकडे, म्हणजे कामगारांच्या समितीकडे, मेल टाकतात, पण इथं म्हणायचे, "अरे, त्यांच्या घरातला मामला आहे." एक-दोघं मागं 'घरजावई' म्हणूनही हसायचे.

२०१८ साली मे-जूनमध्ये अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलावून, पाय धुऊन, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे द्यायचे, कापडचोपड करायचं. जावई म्हणजे त्या दिवशी साक्षात नारायण.

गुरुदत्तच्या बायकोनं, मीनलनं, ठरवलं की काकांच्या, म्हणजे साधनाताईंच्या वडिलांच्या, वतीनं आपणच इथं धोंड्याचं जेवण घालायचं. रविवारी दुपारी रेस्टॉरंटमध्ये सगळ्या मराठी कुटुंबांना आमंत्रण. माझं चांदीचं ताट मागून नेलं आणि फोटो काढायचं कामही माझ्याकडे दिलं.

खरंच सुंदर झालं सगळं. खुर्चीवर शाल, पुढं रांगोळी. जावईबापू नव्या शर्टात, शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. शेजारच्या खुर्चीवर नारळाला टेकवून मोबाईल उभा केला होता आणि त्यात कराडहून साधनाताई, डोक्यावर पदर घेऊन. मीनलनं दोघांना ओवाळलं. आधी जावईबापूंना, मग मोबाईलला. तेवढ्यात मोबाईल घसरून आडवा झाला आणि साधनाताईंचा आवाज आला, "अगं मला पाडलं की गं!" सगळे खो खो हसले. गुरुदत्तनं वाकून मेहुण्याचे पाय धुतले, बोटात सोन्याची अंगठी घातली. मी फोटो काढत होते. जावईबापूंच्या उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे जुने-नवे डाग होते आणि अंगठी सांध्यावरून जाईना. गुरुदत्तनं ती जोर लावून सारली.

"कसं वाटतंय, दाजी?" त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"धोंडे झकास झाल्यात," जावईबापू म्हणाले. "आचारी चांगला दिसतोय."

पुन्हा हशा. आचारी तेच होते. पहाटेपासून पुरण शिजवलं त्यांनी, अनारसे तळले त्यांनी, आणि अंगावर पाणी घेऊन खुर्चीत येऊन बसले होते. जेवणं झाली तसं कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "जावईबापू, आता एक फक्कड चहा होऊन जाऊ दे!" त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि आत गेले. कुणाला काही वाटलं नाही. मोबाईलमध्ये साधनाताई मात्र अजून होत्या. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. मग त्यांनीच फोन बंद केला.

पुढच्या आठवड्यात, सोमवारी, मी माझं चांदीचं ताट आणायला गेले. पुढचं दार बंद, म्हणून मागच्या दारानं. जावईबापू एकटेच मोठ्या कढईत कांदा परतत होते. शेजारच्या हाइलब्रोनला कुणाच्या तरी साखरपुड्याची ऑर्डर होती. "बसा वैनी, ताट घासून ठेवलंय," म्हणेपर्यंत मागच्या आणि कोठीच्या अशा दोन्ही दारांनी माणसं आत आली. पाठीवर मोठ्या अक्षरांत त्सोल लिहिलेलं, कमरेला पिस्तूल. त्सोल म्हणजे सीमाशुल्कवाले. पण या देशात कोण कुणाला बेकायदा राबवतंय, हेही तेच तपासतात.

"कुणीही जागा सोडू नका," त्यातली एक बाई म्हणाली. त्या फ्राउ केलर. आवाज शांत होता, त्याचीच जास्त भीती वाटली.

मी कोण ते विचारून झालं. मग त्यांनी मला म्हटलं, "यांना विचाराल का, आज कधीपासून काम करताहेत?"

मी मराठीत विचारलं. जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "वैनी, त्यास्नी सांगा, कांदा करपंल." आणि ते पुन्हा कढईकडे वळले. 

गुरुदत्त धापा टाकत पोहोचला. कुणी कळवलं कोण जाणे. आल्या आल्या हसून, अस्खलित जर्मनमध्ये, "अहो, काहीतरी गैरसमज होतोय. आज सुट्टी आहे. हे आमच्या घरचे जावई. घरच्या माणसानं स्वयंपाकघरात यायचं नाही का?" आणि त्यानं खिशातून मोबाईल काढला. शाल, रांगोळी, पाय धुतानाचा फोटो. सगळे मीच काढलेले. "बघा. आमच्यात जावयाला देव मानतात. नोकराचे पाय कुणी धुतं का?"

फ्राउ केलर फोटो बघत राहिल्या, ते त्यांनी आपल्याकडे पाठवून घेतले. मग जावईबापूंना म्हणाल्या, "हे म्हणतात ते खरं आहे?"

मी भाषांतर केलं. कढईतला कांदा करपल्याचा वास खोलीभर सुटला होता. जावईबापू तो खरवडत राहिले.

"ठीक. गुरुवारी हाइलब्रोनच्या कचेरीत या. दुभाषी असेल. तिथं सांगा." जाताना त्यांनी शेगडीचा गॅस स्वतःच बंद केला.

मंगळवारी गुरुदत्त आणि मीनल आमच्या घरी आले. हातात मिठाईचा डबा. आमचे हे, म्हणजे विलास, नुकतेच ऑफिसातून आलेले.

"वहिनी, तुम्ही चांगलं जर्मन बोलता," गुरुदत्त म्हणाला. "दाजी म्हणतात, गुरुवारी तुम्ही बरोबर या. जा जरूर. कदाचित तुम्हालाही विचारतील. तुम्ही फक्त खरं सांगा. आरती झाली का? झाली. अनारसे दिले का? दिले. एवढंच."

"आणि सोमवारचं काय सांगू?" मी विचारलं.

"सोमवारी तुम्ही ताट न्यायला आला होता. पाहुणीसारख्या."

विलासनं चहाचा कप खाली ठेवला. "गुरुदत्त, पण ते रोजच काम करतात ना रे तुझ्याकडे?"

"करतात की. करारात आहे तेवढं करतात, त्याहून जास्त प्रेमानं करतात." मग त्याचा आवाज बदलला. "मी कसा आलो इथं माहितीय? फ्रांकफुर्टला एका शेठकडे पिठाच्या पोत्यांवर झोपायचो. मला कुणी पाटावर बसवून ओवाळलं नाही. यांना मी विमानाचं तिकीट काढून आणलं. उद्या रेस्टॉरंट बंद झालं तर दाजींचा व्हिसा गेला, माझी आणखी चार माणसं रस्त्यावर, आणि तुमच्या गणपतीला फुकट हॉल देणाराही गेला. काकांना कळलं तर साधना त्या घरात कुठल्या तोंडानं राहील, त्याचा विचार करा."

 मीनल एकदम म्हणाली, "अहो, दमात नका बोलू ना."

"दम कुठं देतोय? समजावतोय," तो म्हणाला. मिठाईचा डबा टेबलावर ठेवून ते गेले. डबा तसाच राहिला. ओवीलाही मी उघडू दिला नाही.

"तू यात पडू नकोस," विलास म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पण बरोबर जा. एकटा पडेल माणूस."

बुधवारी सकाळी मी श्टुटगार्टच्या कामगार सल्ला केंद्रात फोन लावला. तिथल्या बाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. खरं सांगितलं तर बुडालेल्या पगारासाठी झगडता येईल, दुसरी नोकरी शोधायला मुदत मिळू शकेल. मिळेलच असं नाही. पण एकदा का 'मी घरचा माणूस म्हणून मदत करत होतो' असं लिहून सही केली, तर आजवर इथं केलेलं काम हे कामच राहणार नाही. मग कुणालाच काही करता येणार नाही.

दुपारी नदीकाठच्या बाकावर मी हे जावईबापूंना सांगितलं. ते ऐकत होते. समोरून एक मालवाहू बोट संथपणे चालली होती.

"म्हंजे मी मान हलवली की माझी इतकी वर्सं पाण्यात," ते म्हणाले. "आन् न्हाई हलवली तर साधना-अवनी रस्त्यावर. मस्त हाय. दोन्हीकडून आपलीच तंगडी."

त्यांनी कराडला फोन लावला. मी उठायला लागले तर खुणेनं बसवलं. फोन स्पीकरवर होता.

"साधना, उद्या बोलवलंय मला. तुझ्या दादाचं काम असं-असं हाय..."

"माहिती हाय," तिकडून साधनाताईंचा आवाज. "मीनलवैनीचा फोन आलता. माझा भाऊ हाय तो. त्याच्या घरात मी राहते, अवनीची शाळा हितं हाय. समजतंय ना तुमाला?"

"समजतंय म्हणून तर विचारतोय. काय सांगू?"

 मागं प्रेशर कुकरची शिट्टी झाली. मग आवाज अगदी हळू झाला. कुणीतरी तिकडं खोलीत आलं असावं.

"मला इचारू नका. मला इचारलंत तर मी न्हाई म्हणंन. म्हणावंच लागंल. न इचारता काय करायचं ते करा."

आणि फोन बंद झाला. जावईबापू त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. मी इतकी वर्षं संसार केला, पण कुठल्याही बाईनं नवऱ्याला यापेक्षा मोठी मोकळीक दिलेली मी पाहिली नाही. ती मोकळीक होती की ओझं, ते मात्र त्या क्षणी त्यांनाही कळलं नसावं. "चला, संध्याकाळची कणीक भिजवायचीय," म्हणून ते उठले.

गुरुवारी हाइलब्रोनच्या कचेरीत फ्राउ केलर, एक तरुण अधिकारी आणि दुभाषी म्हणून बनारसच्या एक वयस्क बाई. मराठी दुभाषी मिळाला नव्हता, हिंदीवर भागवायचं होतं. मला शेजारी बसायला परवानगी मिळाली, पण बोलायचं नाही अशा अटीवर. जावईबापूंनी तोच धोंड्याचा शर्ट घातला होता. दुसरा बरा नव्हता. 

नाव, गाव, जन्मतारीख झाली.

"थोरात कुटुंबाशी तुमचं नातं काय?"

"जावई."

दुभाषीबाईंनी सांगितलं, फ्राउ केलरनी टाइप केलं.

"म्हणजे सोमवारी तुम्ही कुटुंबातले म्हणून मदत करत होता. मोबदल्यासाठी नाही. बरोबर?"

नुसती मान हलवायची होती. अर्ध्या तासात घरी. दुभाषीबाई वाट बघत होत्या. फ्राउ केलरची बोटं कीबोर्डवर थांबली होती. बाहेर कुणीतरी प्रिंटरचा ट्रे आपटला तर मीच दचकले.

जावईबापू फ्राउ केलरकडे वळले. "बाई, ते फोटो असतील तुमच्याकडं. पाय धुवायचा काढा."

फ्राउ केलरनी स्क्रीन वळवली.

"ह्यात मी काय करतोय?"

"बसलायत," त्या म्हणाल्या.

"आन् बाकीचे?"

"तुमची सेवा करताहेत."

"जावई असा असतोय. बसलेला." त्यांची हिंदी आता सुटली, मध्येमध्ये कराडची मराठी सांडत गेली. "आमच्यात जावई सासुरवाडीला गेला तर त्याला पाण्याचा तांब्या उचलू देत न्हाईत. त्यानं उठून पाणी घेतलं तर सासूची अब्रू जाते. माझी सासू, गुडघे धरलेत तिचे, पर मी गेलो की उठून माझं ताट करते. ह्या फोटोतलं जेवण सकाळपास्नं मीच केलं. खाऊन झाल्यावर लोकं म्हणाले, चहा करा. मी उठलो. तिथंच जावई संपला. जेवणापुरता जावई होतो, बाई. सोमवारी त्या खोलीत कुणी जावई नव्हता. सासुरवाडीच्या घरात चिमणीची जाळी धुणारा जावई मी तरी ऐकला न्हाई. तिथं कामगार होता. तो मी."

 दुभाषीबाई आधी जावईबापूंना हिंदीत म्हणाल्या, "हमारे यहाँ भी ऐसा ही है, भैया." मग त्यांनी जर्मनमध्ये सगळं सांगितलं, तांब्यासकट, सासूच्या गुडघ्यांसकट. तरुण अधिकाऱ्यानं फोटोकडे पुन्हा एकदा वाकून बघितलं. गुरुदत्तनं नातं दाखवायला जो फोटो दिला होता, तोच आता वेगळा दिसत होता. एका जर्मन माणसाला कळणार नाही म्हणून त्यानं तो दाखवला होता, आणि जर्मन माणसालाही कळेल इतकं ते साधं होतं.

फ्राउ केलरनी आधीचं वाक्य खोडलं. "ठीक आहे, हेर पिसाळ. सकाळी काम कधी सुरू करता?"

मग त्यांनी सांगितलं. सगळं. भाजलेल्या हाताबद्दल डॉक्टरला 'घरी भाजलं' असं सांगायला लावलं होतं तेही. कितीतरी वेळ ते बोलत होते आणि शेवटी त्यांनी सही केली.

सामान आणायला जायलाच हवं होतं. मी म्हटलं, विलासला बोलावते. ते नको म्हणाले. मागच्या दारात गुरुदत्त उभा. इतका उशीर झाला म्हटल्यावर त्याला कळलंच होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. बॅग भरून तयार होती. मीनलनं कपड्यांच्या नीट घड्या घातल्या होत्या.

"अंगठी," गुरुदत्त म्हणाला. त्यात 'दाजी' नव्हतं, 'अहो'ही नव्हतं. "ती जावयाची होती."

जावईबापूंनी अंगठी ओढली. ती सांध्यावर अडली. बोट सुजलेलं, त्यावर ताजा फोड. त्यांनी दात आवळून पुन्हा ओढली.

"राहू दे की हो," मीनल नवऱ्याला म्हणाली.

"काढू दे त्याला."

तिनं फळीवरची तेलाची बाटली घेतली, त्यांचा हात हातात धरला आणि फोड चुकवत बोटाला तेल लावायला लागली.  मी दारात उभी होते आणि मला वाटत होतं, आता कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. अंगठी निघाली. त्यांनी ती गल्ल्याशेजारी ठेवली, हात पुसायला फडकं घेतलं आणि सवयीनं त्याच फडक्यानं ओटाही पुसला. ते लक्षात येताच फडकं टाकून दिलं.

"मी तुझं वाईट केलं?" गुरुदत्त एकदम म्हणाला. राग होताच, पण त्याला खरंच उत्तर हवं होतं. "सांग ना. मी तुला आणलं नसतं तर?"

"तर मी कराडला लग्नं केली असती," जावईबापू म्हणाले. "आन् तू अधिकात घरी आला असतास तर मी तुला वाढलं असतं. प्रेमानं."

ट्रामच्या थांब्यावर बॅग पायाशी ठेवून त्यांनी कराडला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"सांगितलं," ते म्हणाले.

"बरं." मागं गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरची आरोळी. "मी एसटीत हाय. इस्लामपूरला मावशीकडं निघालेय. अवनी हाय बरोबर."

"कुणी बोललं? हाकललं?"

"अजून कुणाला कायबी कळलं न्हाई. कळायच्या आत निघाले. हाकलून घ्यायला कशाला थांबू?" मग त्यांनी विचारलं, "जेवलात का?"

ते जेवले नव्हते. मी त्यांना घरी घेऊन आले.

त्यांना ओवीची खोली दिली. आउसलेंडरबेहोर्डेनं दुसरी नोकरी शोधायला मुदतीचा कागद दिला, आणि ती मुदत फार झरझर सरू लागली. मंडळात दोन तट पडले. गणपतीचा हॉल गेला. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र आम्हाला नवीन मेसेज दिसेनासे झाले, आम्हाला वगळून दुसरा ग्रुप झाला असणार. पाचसहा रेस्टॉरंटांनी फोनवर हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी नाही. मेहुण्यावर केस घालणारा माणूस, असा निरोप आधीच पोहोचलेला असे. गुरुदत्तची चौकशी चालू होती, पगाराचा दावा वकिलाकडे होता, आणि जावईबापू आमच्या स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसायचे. एकदा मी म्हटलं, "बसा हो निवांत," तर म्हणाले, "बसून खायची सवय मोडलीय, वैनी."

मुदत संपायच्या आठवड्यात डार्मश्टाटहून बोलावणं आलं. लखनौच्या मिर्झासाहेबांचं रेस्टॉरंट, विद्यापीठाजवळ. आम्ही ट्रेननं गेलो.  ही नोकरी हुकली तर पुढचं तिकीट विमानाचं होतं.

मिर्झासाहेब माणूस अदबशीर. शोरबा करायला लावला, चाखला, डोळे मिटले. मग प्रेमानं खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बस, आज से आप हमारे हैं. यहाँ सब घर जैसा है, श्रीधरभाई. हम सब एक फॅमिली हैं."

जावईबापूंनी चमचा खाली ठेवला.  हो म्हणा, फक्त हो म्हणा, असं मी मनात म्हणत होते.

"साहेब," ते आपल्या हिंदीत म्हणाले, "फॅमिली है मेरी. इस्लामपूर में बैठी है. इधर फॅमिली नहीं मँगता. नौकरी मँगता."

मिर्झासाहेबांचा हात खांद्यावरून निघाला. चेहरा उतरला, अपमान झाल्यासारखा. भांडी घासणारा एरिट्रियाचा माणूस नळ बंद करून आमच्याकडे बघायला लागला.  मग मिर्झासाहेब पाठ फिरवून आत गेले. मला वाटलं, संपलं.

ते परत आले तेव्हा हातात कराराचा कागद होता. तो त्यांनी टेबलावर सरकवला. आवाज कोरडा होता. "आने का वक्त, जाने का वक्त, छुट्टी. सब लिखा है. पढ़ लीजिए."

जावईबापूंनी कागद उचलून माझ्याकडे दिला. "वाचा, वैनी. सावकाश वाचा. मला घाई न्हाई."

मी पहिल्या ओळीपासून, मराठी करत, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि ते उभे राहून, हात मागे बांधून, एकेक कलम ऐकत राहिले.